आधी विरोध लिहा, मग काम सांगा

वाघमारे गेले ही बातमी सांगायला त्या रविवारी सकाळी कॉलनीतली निदान आठ माणसं माझ्या दारात आली, आणि आठही जणांनी ती वेगवेगळी सांगितली. पहिला म्हणाला, झोपेत गेले. दुसरा म्हणाला, उठून बसले आणि गेले. तिसऱ्याच्या सांगण्यात त्यांच्या हातात चहाचा कप होता, चौथ्यानं तो कप काढून घेऊन हातात पेपर दिला. पाचवा येईपर्यंत वाघमारे दवाखान्यात पोचले होते आणि सहाव्यानं त्यांना तिथून परत घरी आणलं. मी दाढीचा साबण लावून उभा. आठवा माणूस जाईस्तोवर साबणाचा गिलावा झाला, हसलो असतो तर तडा गेला असता. आणि खोटं कशाला बोलू, मला आधी रडू आलं नाही, राग आला. पंधरा दिवसांवर आमच्या हाउसिंग सोसायटीची वार्षिक सभा होती. त्या सभेत मला या माणसाला एक गोष्ट सांगायची होती, सगळ्यांच्या देखत. उन्हाळ्यापासून ती माझ्या घशाशी येऊन अडकून पडली होती... माणसानं मरायला माझी ना नाही, पण समोरच्याचं बोलणं पुरं होईस्तोवर तरी थांबावं की नाही?

आज त्याला पाच आठवडे झाले. राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसलो.

मी औसा डेपोचा कंडक्टर. लातूर-औसा रस्त्यावर जितक्या फेऱ्या मारल्या तितक्या सरळ मारल्या असत्या तर चंद्रावर जाऊन परत आलो असतो, आणि तिथंही सुट्ट्या पैशावरून भांडलो असतो. बायकोचं माहेर नांदेड, म्हणून रिटायर झाल्यावर इथं घर घेतलं. शेजारी निघाले वाघमारे. मुदखेड जंक्शनवर जन्मभर पार्सल बाबू होते. उंची बेताची, आवाज असा की ते मुदखेडला खाकरले तर नांदेडला सिग्नल पडायचा. दोन्ही खिशांना पेनं. एक लिहायला आणि दुसरं पहिल्याची शाई संपली तर.

या माणसाचा स्वभाव समजायचा तर पार्सल ऑफिस समजावं लागतं. मुदखेडची फुलं हैदराबादला जातात. दुपारच्या उन्हात मोगऱ्याच्या टोपल्या स्टेशनवर यायच्या. एखादी टोपली अर्धी कोमेजलेली, एखादीचं फडकं फाटलेलं. अशा वेळी बाबू लोकांच्या दोन जाती. एक जात म्हणते, चालतंय, चढवा. दुसरी म्हणते, खराब माल, न्या परत. वाघमारे तिसऱ्या जातीचे, आणि त्या जातीत भारतीय रेल्वेत बहुधा तेवढे एकच. ते बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, गोल अक्षरात शेरा मारायचे, 'फुले निम्मी कोमेजलेली, फडके फाटके', आणि मग हमाल नसला तर स्वतः टोपली डोक्यावर घेऊन डब्यापर्यंत पळायचे. फुलवाला म्हणायचा, बाबू, एक तर शेरा मारू नका, न्हाई तर चढवू नका, दोन्ही कशाला? हे म्हणायचे, शेरा न मारता चढवलं तर खोटेपणा, आणि शेरा मारून खाली ठेवलं तर कामचुकारपणा. आता अशा माणसाशी बोलायचं काय? फुलवाले बेजार, साहेब बेजार. टोपल्या मात्र पोचायच्या.

हीच खोड घेऊन ते सोसायटीचे सचिव झाले. त्यांच्याशिवाय दुसरं कुणी तयार नव्हतं. इतिवृत्ताचं ते लाल कापडी पाठीचं रजिस्टर त्यांनी जे हातात घेतलं ते कुणी ओढून घेईस्तोवर सोडलं नाही. बोअर पाडायचं ठरलं तेव्हा ते उठले, म्हणाले, इथं पाणी नाही, विरोध लिहा, आणि स्वतःच स्वतःचा विरोध लिहून पुढच्या दमात विचारलं, 'बरं, मशीन कधी बोलवायची? मी थांबतो.' चैत्रातल्या उन्हात तीन दिवस त्या मशीनपाशी उभे होते. ज्यांनी हात वर केले होते ते घरात कूलर लावून पडले होते. पाणी लागलं नाही. मी वाट बघत होतो, आता म्हणतील, सांगितलं होतं. नाही म्हणाले. भोकावर झाकण बसवून घेतलं, पोरंबाळं पडतील म्हणून, आणि घरी गेले. मला या गोष्टीचा इतका संताप यायचा म्हणून सांगू... मी बरोबर असलो तर अख्ख्या मराठवाड्याला कळेस्तोवर मला जेवण जात नाही.

माझ्या पोरीचं लग्न औशाला. मी हट्टानं मे महिन्यात, उघड्या मैदानात मांडव टाकला. वाघमारे महिनाभर आधी घरी येऊन बायकोसमोर म्हणाले, माणिकराव, वावटळीचे दिवस आहेत, हॉल घ्या. मी म्हणालो, आमच्या औशाला हॉलात लग्न लावणाऱ्याला लोक नांदेडचा म्हणतात. व्हायचं तेच झालं. मंगलाष्टकं चालू असताना मांडव असा उडाला की एक कनात मी स्वतः किल्ल्याच्या बुरुजावर बसलेली पाहिली. सहाशे माणसं उन्हात. आणि हा मनुष्य, ज्याचं माझ्याशी नातं ना गोतं, पाण्याची टाकी ट्रॅक्टरला जोडून आणतोय, म्हाताऱ्यांना शाळेच्या व्हरांड्यात बसवतोय, पंगतीत वाढतोय. संध्याकाळी मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, एकदा म्हणा की सांगितलं होतं, मला हलकं वाटेल. ते म्हणाले, 'ते म्हणून झालंय की. आता भांडी मोजायची हायत.'

तर असा हा माणूस. आता लढाईकडं येतो.

सीमेवर आगळीक झाली, आपली माणसं गेली, आणि सगळ्या देशाला एकच विषय झाला. कटिंगच्या दुकानात रणगाडे फिरायला लागले. भाजीवालीसुद्धा मेथीची जुडी देताना विमानांची नावं सांगायची. त्या गडबडीत आमच्या कॉलनीत दोनच माणसं म्हणत होती की गुन्हेगाराला धरा, पण लढाई नको: एक वाघमारे आणि एक मी. ते विचार करून म्हणत होते. मी ते म्हणतात म्हणून म्हणत होतो, आणि थोडं असंही की सगळे एक म्हणत असताना दुसरं म्हणण्यात एक ऐट असते. आम्ही दोघांनी मिळून पेपरला पत्र लिहिलं. मी लिहिलेला मजकूर साडेचार पानं होता, त्यात अलेक्झांडरही येऊन गेला. वाघमाऱ्यांनी त्याची दहा ओळींवर छाटणी केली, पेपरवाल्यांनी तीन ओळींवर. पण खाली दोघांची नावं आली, कॉलनीच्या पत्त्यासकट. त्या दिवसापासून इस्त्रीवाला माझे कपडे जाळायला लागला.

आणि मग एका सकाळी लढाई सुरूच झाली.

मी वाघमाऱ्यांकडं गेलो. ते अंगणात नळाचा वॉशर बदलत होते. मी म्हणालो, झालं, आपलं पत्र गेलं पाण्यात, आता काय करायचं? माझं आपलं सरळ मत होतं की घर पेटल्यावर काडी कुणी लावली विचारू नये, बादली उचलावी, आणि उचलायचीच तर जोरात ओरडत उचलावी. ते म्हणाले, बादली तर मीबी उचलणार. आता पोरं निघाली तिकडं, त्यांची वाट अडवून वाद घालत बसण्यात अर्थ न्हाई. त्यांना रक्त लागेल, त्यांच्या घरच्यांना माणूस लागेल, ते करू. मग पान्ह्यानं नळ आवळत म्हणाले, 'पण माणिकराव, आग लागायच्या आधी मी काय म्हणलो होतो, ते धुऊन टाकायला माझ्या बादलीतलं पाणी न्हाई देणार.'

त्या वेळी मला ते एक छान वाक्य वाटलं. दुसऱ्याला ऐकवायला म्हणून मी ते पाठही केलं. त्याचा अर्थ मला तीन दिवसांनी कळला.

तिसऱ्या दिवशी अध्यक्ष बिरादारांनी तातडीची सभा बोलावली. बिरादार म्हणजे वाईट माणूस नव्हे. लाइट गेली तर लाइनमनच्या घरी जाऊन त्याला उठवून आणणारा माणूस. पण शहरातल्या साऱ्या कॉलन्या लढाईला पाठिंब्याची निवेदनं घेऊन कलेक्टर कचेरीत चालल्या होत्या, पेपरात रोज फोटो येत होते, आणि आमचा येत नव्हता. त्यात ते आमच्या दोघांचं पत्र. बिरादारांना वाटत होतं, कॉलनीच्या अंगाला डाग लागलाय, तो धुवावा. सभेला एवढी गर्दी मी कधी पाहिली नाही. पाणीपट्टीच्या सभेला कोरम भरत नाही, पण त्या दिवशी भाडेकरूसुद्धा आले होते. पुढच्या रांगेत कौसाबाई. यांचा मुलगा बालाजी फौजेत, त्याची तुकडी सीमेवर, आणि चार दिवस झाले त्याचा फोन नव्हता.

बिरादारांनी ठराव वाचला. सोसायटीच्या सर्व सभासदांचा या कारवाईला एकमताने पाठिंबा. सूचक, बिरादार. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. अनुमोदक म्हणून माणिकरावांचं नाव घ्यावं म्हणतो, त्यांच्या मावसभावानं मागच्या लढाईत मोठा पराक्रम केलेला आहे. आता हा मावसभाऊ फौजेत स्वयंपाकी होता आणि त्याच्या पराक्रमाच्या साऱ्या कथा मीच कॉलनीला सांगितलेल्या. माझ्या एका गोष्टीत त्यानं झाऱ्यानं चौकी घेतली होती. सगळा हॉल माझ्याकडं बघतोय, कुणीतरी टाळी वाजवली... मी हात वर केला. एक नाही, दोन्ही.

वाघमारे सचिवाच्या टेबलाशी लिहीत होते. त्यांचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, हे मला आजही नीट आठवतं. ते उठून म्हणाले, ठराव होऊ द्या, माझा विरोध तेवढा लिहितो, आणि मग निवेदन न्यायचं, रक्तदानाचं, जे काय काम असेल ते मला सांगा.

हॉलात जो गलका झाला तो ऐकून गोदावरीचं पाणी दोन बोटं मागं सरलं असेल. मागून कुणी म्हणालं, तिकडंच जाऊन राहा. बिरादारांनी सगळ्यांना गप्प केलं. ते चिडलेले होते, पण बोलले समजुतीनंच. वाघमारेसाहेब, सीमेवरच्या पोरानं वाचलं की आपल्या गावात दोन मतं आहेत, तर त्याच्या पाठीला काय वाटेल? आता एकदा लढाई सुरू झाल्यावर एक व्हायला नको का? आणि त्यांनी कौसाबाईंकडं हात केला.

वाघमारे म्हणाले, 'मी एकच हाय की. कामाला तुमच्या आधी हाय. पण सगळ्यांना पटलं होतं असं आज लिवलं, तर पुढच्या खेपेला आधी इचारायची गरजच न्हाई कुणाला. म्हणतील, मागं कुठं कोण न्हाई म्हणलं होतं.'

बिरादार म्हणाले, एकमताने लिहा. हे म्हणाले, तसं झालेलं न्हाई. तीन वेळा हे झालं. मग बिरादारांनी टेबलावरून रजिस्टर ओढून घेतलं, स्वतःच्या काळ्या पेनानं ते वाक्य पुरं केलं, आणि तिथल्या तिथं सचिवाचं काम आपल्याकडं घेतल्याचं जाहीर केलं. वाघमाऱ्यांनी आपल्या पेनाला टोपण लावलं, खिशात अडकवलं आणि भिंतीला टेकून सभा संपेपर्यंत उभे राहिले. मी अनुमोदक म्हणून सही केली. सही करताना मनात म्हणालो, एवढं काय त्यात, लिहून टाकलं असतं एकमताने तर काय गोदावरी उलटी वाहणार होती? माझा जीव त्यांच्यावर जळत होता. कारण ते बरोबर होते आणि शिवाय शांत होते. या दोन गोष्टी एका माणसात एकत्र आल्या की शेजाऱ्यानं जगायचं कसं?

आणि पुढं काय झालं ते सांगतो, म्हणजे माझी तळमळ तुम्हाला कळेल. कलेक्टर कचेरीत निवेदन न्यायच्या दिवशी बिरादारांची स्कूटर सुरू होईना. ठरावाची प्रत घेऊन ऑटोनं पुढं जाऊन रांगेत नंबर कुणी धरला? ज्यानं विरोध केला त्यानं. फोटोच्या वेळी बाजूला उभे राहिले, पेपरातल्या फोटोत त्यांचं फक्त एक कोपर आलंय. रक्तदान शिबिरात गेले, तिथल्या डॉक्टरनं सांगितलं की तुमचं वय बसत नाही. त्याच्याशी अर्धा तास भांडले, या नियमाला माझा विरोध आहे म्हणून कागदावर लिहून घ्यायला लावलं, आणि मग दिवसभर रक्त देणाऱ्यांना बिस्किटं वाटली. मी? मी रक्त द्यायला गेलो, सुई बघितली आणि मला आठवलं की मला बीपी आहे.

रोज दुपारी ते कौसाबाईंच्या घरी जाऊन बसत. बालाजीचा फोन नव्हता, बाईच्या घरात दुसरं माणूस नव्हतं, आणि टीव्ही लावला की त्यांचे हातपाय गार पडायचे. हे पेपर वाचून दाखवायचे, तेही जेवढं खरं वाटेल तेवढंच. म्हणजे फार थोडं. दोघांचं रोज वाजायचं. कौसाबाईंचं म्हणणं, एकदाची चांगली अद्दल घडवा, माझ्या लेकराला तिथं उगंच का उभं केलंय. वाघमारे म्हणायचे, अद्दल घडवायला बी तुमचंच लेकरू जातंय ना, बाई. मग बाई चिडून आत जायच्या आणि चहा घेऊन बाहेर यायच्या. मी एकदा तिथं होतो. दोन तोफखाने समोरासमोर ठेवल्यासारखे बसलेले, मध्ये टेबलावर मोबाईल. तो वाजला तेव्हा वाघमाऱ्यांनीच उचलून बाईंच्या हातात दिला आणि उठून अंगणात गेले. आत बाई रडत होत्या, बालाजी सुखरूप होता. बाहेर हे जिन्याखालची, मी सायकल लावली होती ती जागा झाडत होते. कशाला झाडताय, विचारलं. म्हणाले, घाण झाली होती.

लढाई जशी अचानक सुरू झाली तशी एक दिवस थांबली. इस्त्रीवाला पूर्ववत झाला. आमचा फोटो लढाई थांबल्याच्या दुसऱ्या दिवशी छापून आला, तोही आतल्या पानावर. वाघमारे माझ्याशी आधी बोलायचे तसेच बोलत राहिले. नळ, हवा, गुडघे. मी रोज वाट बघायचो की आज भांडतील. भांडले असते तर मी त्यांना चांगलं झोडपलं असतं, मग दोघांनी चहा घेतला असता, विषय संपला असता. पण नाही.

महिन्यातून एकदा ते पॅसेंजरनं मुदखेडला जाऊन जुन्या पार्सल ऑफिससमोरच्या बाकावर तासभर बसत. जुलैत मला घेऊन गेले. समोर फुलांच्या टोपल्या रचलेल्या, वास सुटलेला. मग त्यांनी, टोपल्यांकडंच बघत, विचारलं, 'माणिकराव, तवा तुमाला खरंच पटलं होतं का?'

एवढंच. आरोप नाही, काही नाही. एका शब्दाचं उत्तर होतं. आणि मी काय केलं? मी त्यांना लातूरच्या स्टँडवरच्या शेळीची गोष्ट सांगायला लागलो. शेळीवाल्यानं शेळीचं अर्धं तिकीट मागितलं, मी पूर्ण फाडलं, शेळीनं ते खाल्लं, मग दुसरं फाडलं तर तेही खाल्लं, शेवटी औसा येईपर्यंत शेळीच्या पोटात एवढी तिकिटं झाली की चेकरनं तिला बस समजून हात केला. पाऊण तास सांगितली. गाडी आली. ते उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, 'बरं.'

ते 'बरं' मी घरी घेऊन आलो. जेवताना ते समोर बसायचं. तेव्हाच ठरवलं की वार्षिक सभेत उभं राहायचं आणि सगळ्यांच्या देखत सांगायचं की मला पटलं नव्हतं, मी टाळीला भुललो. त्यांना एकट्यात सांगता आलं असतं. पण मला एकट्यात खरं बोलायची सवय नाही, समोर गर्दी लागते... आणि मग तो रविवार आला, ती आठ माणसं आली.

त्यांच्या घरी पुण्यानुमोदनाला सगळी कॉलनी होती. बिरादार सगळ्यांत आधी आले होते, खुर्च्या त्यांनीच लावल्या. त्यानंतरच्या रविवारी सभा. विषय क्रमांक एक, दर सभेत असतो तोच: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. आजवर या विषयाला कुणी जागं राहिलेलं मी पाहिलेलं नाही. बिरादार वाचायला लागले. अर्धं पान निळ्या गोल अक्षरात, तिथून पुढं काळ्या तिरक्या. 'एकमताने पाठिंबा देण्यात आला. सूचक... अनुमोदक, माणिकराव.' कायम करायचं का, म्हणाले, आणि पान उलटायला बोट ओलं केलं.

मी उठलो. म्हणालो, हे तसं झालेलं नाही. वाघमाऱ्यांनी विरोध केला होता, तो यात नाही, तो घाला.

बिरादारांनी चष्मा काढला. त्यांचा आवाज चढला नाही. माणिकराव, गेलेल्या माणसाचं मत आता कसं लिहायचं? त्यांना विचारायचं कुठं? मग म्हणाले, तुमचंही पत्र होतं त्या वेळी, तुम्हाला स्वतःचा विरोध नोंदवायचा असेल तर नोंदवतो, तुम्ही समोर आहात.

आता बघा, ही काय संधी होती. तीन महिने मी ज्याच्यासाठी झुरत होतो ते मला ताटात वाढून मिळत होतं. मी हो म्हणालो असतो तर वाघमाऱ्यांची बाजू पुस्तकात आली असती, एकमताने हा शब्द गेला असता, आणि वर मी शूर ठरलो असतो. तोंड उघडलंसुद्धा होतं. पण त्या दिवशी मी विरोध केला नव्हता. दोन्ही हात वर केले होते. आणि त्या माणसाच्या पुस्तकात, त्याच्याच नावाखाली, जे झालं नाही ते लिहायचं... माझी जीभ, जी जन्मात कधी अडली नाही, ती अडली. मी म्हणालो, 'माझं अनुमोदन हाय तसंच राहू द्या. ते मी दिलं होतं. पण वाघमारे न्हाई म्हणले होते, आणि ते तुमी सगळ्यांनी ऐकलंय.'

बिरादार म्हणाले, दुरुस्तीला दुजोरा लागतो. कोण आहे? पन्नास माणसं, पन्नासही आपापल्या चपला बघत होती. ज्यांच्यासाठी वाघमारे उन्हात उभे राहिले ती माणसं. त्या चपलांत काय लिहिलं होतं देव जाणे.

कौसाबाई पुढच्या रांगेतच होत्या. बसूनच म्हणाल्या, 'मला त्यांचं म्हणणं पटलं नव्हतं. आजबी पटत न्हाई. मी त्यांच्याशी रोज भांडलेय. पण ते तसं म्हणले होते ना? मग लिवा.'

बिरादारांनी रजिस्टर फिरवून माझ्यापुढं सरकवलं. म्हणाले, तुम्हीच लिहा, माझ्यानं लिहवणार नाही. त्या आवाजात राग होता की दुसरं काही, मला सांगता येणार नाही. सभा झाल्यावर त्यांना विचारावं म्हणालो तर ते निघून गेले होते.

लाल पाठीच्या त्या रजिस्टरात मी जन्मात पहिल्यांदा लिहीत होतो. तिकिटं पंच करणाऱ्या हाताला कसलं आलंय अक्षर. ओळ अशी घसरत गेली की शेवटचा शब्द खालच्या ठरावात जाऊन बसला. 'सचिव श्री. वाघमारे यांचा विरोध. निवेदन नेणे, शिबिर व कौसाबाईंकडे बसणे ही कामे त्यांनी केली.' कौसाबाईंचा भाग ठरावात बसत नाही असं मागून कुणीतरी म्हणालं. मी खोडला नाही. खाली सही करायला जागा उरली नव्हती, म्हणून समासात आडवी केली. त्याच पानावर वर माझी दुसरी सही होती, अनुमोदकाची, चांगली मोठी, शेपटीवाली. दोन्ही एकाच माणसाच्या आहेत हे कुणालाही दिसेल. दिसू दे.

आता ते रजिस्टर माझ्याकडं आहे, कारण सचिव व्हायला पुन्हा कुणी तयार झालं नाही. टीव्हीच्या कपाटावर ठेवलंय. बायको म्हणते, तिथून हलवा, धूळ खातंय. मी नाही म्हणालो. मग फडकं घेतलं आणि पुसलं.